उभ्या गाडीचा गुन्हा

"विष्णू, लवकर ये. अन् कोणाले सांगू नोको."

सकाळचे सहा वाजले होते. फोनवर राधाबाईंचा आवाज इतका बारीक झाला होता, की आधी विष्णू लांजेवारांना बहिणीचा आवाज ओळखूच आला नाही.

"ताई, काय झालं?"

"अंकुरची गाडी फुटली. दारासमोर उभी होती, तिथंच."

"मंग त्यात रडून कावून राहिली? पत्र्याचं काम आहे, होऊन जाईन."

"तू ये ना बावा," एवढं म्हणून राधाबाईंनी फोन ठेवला.

विष्णू लांजेवार एकोणचाळीस वर्षं भिलाई-३ च्या यार्डात टीएक्सआर होते. टीएक्सआर म्हणजे मालगाडीचा डबा अन् डबा वाकून तपासायचा, चाकावर हात फिरवायचा, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा आणि बिघडलेल्या डब्यावर खडूनं 'सिक' लिहायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. विष्णूमामा इतरांच्या भानगडी तपासायला लागले. बायको म्हणायची, यांना घरातला गळका नळ दिसत नाही, पण शेजाऱ्याच्या गेटची ढिली बिजागरी बरोबर दिसते.

पण आज चेष्टेचं काही नव्हतं. राधाबाई पत्र्यासाठी रडणारी बाई नाही, हे मामांना ठाऊक होतं. नवरा गेला तेव्हाही तिनं आधी पोरासाठी कुकर लावला होता.

अर्ध्या तासात त्यांची स्कूटर वैशाली नगरातल्या त्या गल्लीत शिरली. आदल्या दिवशी सतरा सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा झाली होती. गल्लीच्या टोकाला मांडव अजून उभा होता. जिकडेतिकडे झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर रोजच्यासारखी काळी धूळ बसली होती. भिलाईत ही धूळ सगळ्यांच्याच दारात येते, तिचं कोणी नवल करत नाही.

राधाबाईंच्या दारासमोर, भिंतीला लागून, राखाडी रंगाची गाडी उभी होती. उजव्या बाजूचा हेडलाइट फुटला होता आणि बॉनेटची कड आत दबली होती.

राधाबाई गेटमध्येच उभ्या होत्या. हात ओले, डोळे सुजलेले.

"पोट्टा कुठी आहे?"

"आत. झोपला आहे. म्हणजे पडून राहिला आहे."

"त्याले सांगितलं?"

"सांगितलं. काईच बोलला नाही." मग त्या अगदी जवळ आल्या. "विष्णू, काल आरतीच्या वेळी सुखरामले कोणीतरी उडवलं. इथंच, आपल्या गाडीपासून दहा पावलांवर, नालीपाशी पडून होता."

सुखराम म्हणजे कॉलनीचा चौकीदार. साठी ओलांडलेला, शिट्टी वाजवत फिरणारा, सगळ्यांच्या पोरांना नावानं ओळखणारा माणूस.

"जिवंत आहे?"

"आहे म्हणतात. होशात नाही. कोणीतरी निळ्या शर्टाचं पोट्टं त्याले ऑटोत टाकून हॉस्पिटलात घेऊन गेलं. नाव न सांगताच पळालं तिथून."

विष्णूमामांनी गाडीकडे पाहिलं, मग नालीकडे पाहिलं. फुटलेली गाडी आणि दहा पावलांवर उडवलेला माणूस. पोलिसांना याच्या पुढे विचार करायची गरजच काय?

अंकुरची रेल्वेत निवड झाली होती. असिस्टंट लोको पायलट. पुढच्या सोमवारी रायपूरला हजर व्हायचं होतं आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद अजून ठाण्यातच होता. एक गुन्हा नोंदला गेला, की सगळं संपलं.

"गाडी शेवटची कधी काढली होती त्यानं?"

"रविवारी. मले डॉक्टरकडे नेलं होतं. तेव्हापासून इथंच उभी आहे." राधाबाई थांबल्या. "असं तो म्हणते."

हे शेवटचे तीन शब्द मामांनी मनात टिपून ठेवले.

ते गाडीपाशी उकिडवे बसले. राधाबाई रोज सकाळी दारासमोरचा रस्ता झाडायच्या, पण गाडीखाली झाडू पोचत नसे. तिथं तीन दिवसांची काळी धूळ साचली होती. त्या धुळीत चाकाच्या तळाएवढे चौकोनी डाग होते, अगदी स्वच्छ. पण चाकं त्या डागांवर नव्हती. सगळी चाकं एक वीत मागे आणि भिंतीकडे सरकलेली होती. डागापासून चाकापर्यंत धूळ ओरबाडलेली दिसत होती.

मामांनी खिशातून टेप काढली. बॉनेटच्या कडेवरचा पोचा जमिनीपासून मोजला. अठ्ठावीस इंच. मग गाडीचा स्वतःचा बंपर मोजला. तो वीसच्या आसपास निघाला. बंपरला मात्र साधा ओरखडाही नव्हता.

फुटलेल्या काचेखाली झेंडूच्या पाकळ्यांचा बऱ्यापैकी पुंजका होता. दोऱ्याचा एक तुकडाही होता. मामांनी तो उचलून रुमालात ठेवला.

"ताई, गाडीची पूजा केली होती का काल?"

"आपल्यात काल कुठं करतात? आपली गाडीची पूजा दसऱ्याले. विश्वकर्मा कारखानेवाले अन् धंदेवाले करतात."

"राम राम मामाजी!"

मामांनी वळून पाहिलं. दोन घरं सोडून राहणारा नरेश. टेंट हाऊसवाला. चाळिशीचा, कपाळाला टिळा, हातात प्रसादाची वाटी. गल्लीतला कोणताही मांडव त्याच्या खुर्च्यांशिवाय उभा राहत नसे.

"काय हाल झाले गाडीचे," तो हळहळला. "काकू, टेन्शन नका घेऊ. माझा मिस्त्री आहे सुपेल्यात. आत्ता बोलावतो, टोचन लावून ओढत नेऊ. दुपारपर्यंत डेंट गायब."

"एवढी कायची घाई आहे?" मामांनी विचारलं.

नरेशनं आवाज खाली आणला. "मामाजी, समझा करो. सुखरामचं मॅटर आहे. पुलिस आली अन् गाडी अशी पाहिली, तर अंकुरचं करिअर खतम. मी तर घरचा समजून बोलून राहिलो."

राधाबाईंनी हात जोडले. "देवासारखा आला रे बाबा."

"गाडी इथंच राहील," मामा म्हणाले.

"विष्णू!"

"इथंच राहील ताई. हलवली तर आपणच गुन्हेगार दिसू."

नरेशनं खांदे उडवले, वाटी राधाबाईंच्या हातात दिली आणि तो निघून गेला. राधाबाई भावाकडे अशा पाहत राहिल्या, की जणू त्यानंच पोराला फासावर चढवलं.

आत गेल्यावर मामांनी दार लोटलं.

"ताई, तू काय लपवून राहिली?"

"काई नाही."

"तुह्या बोटांना लाल काय लागलं आहे? अन् मी आलो तेव्हा हात ओले होते. पोच्याभोवतीची धूळ पुसलेली आहे. कोणी पुसली?"

राधाबाईंनी बोटं पदराला पुसली.

"मी पुसलं," त्या म्हणाल्या. "साडेपाचले रस्ता झाडाले गेली. पाहिलं तर त्या पोच्यावर लाल लाल. रक्त, विष्णू. माह्या अंगाचं पाणी पाणी झालं. काल पोट्टा नऊ वाजता मागच्या दारानं आला. जेवला नाही. न्हाणीत स्वतः शर्ट धुतला. ह्या पोट्ट्यानं आजवर रुमाल धुतला नाही! गाडीची चावीबी सांजपासून खिळ्यावर नव्हती." त्यांनी पदर तोंडात कोंबला. "मी पुसून टाकलं. कोणी पाहायच्या आधी."

"कपडा कुठी आहे?"

"बादलीत. सोड्यात भिजवला."

मामा मागच्या अंगणात गेले. न्हाणीच्या दाराआड निळी बादली होती. तिच्यात जुन्या लुगड्याचा तुकडा पडला होता. दीड तास भिजूनही कपडा लालच होता. पाणी मात्र जवळजवळ स्वच्छ होतं आणि त्याच्यावर बारीक बारीक चकचकीत गोल तरंगत होते. मामांनी कपडा नाकाशी नेला, मग परत बादलीत ठेवला आणि वर झाकण घातलं.

दोरीवर अंकुरचा निळा शर्ट वाळत होता. त्यांनी बाही उलटी केली. कोपरापाशी तपकिरी डाग होता. धुऊनही पुरता न गेलेला.

हे मात्र रक्तच होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी रुळावर बरंच काही पाहिलं होतं, पण ते परक्याचं असायचं. हा त्यांच्या मांडीवर खेळलेला पोरगा होता.

अंकुर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मामा खाटेच्या कडेला बसले.

"अंकुर, उठ. काल कुठी होता?"

"रसमड्याला. मित्राच्या फॅक्टरीत पूजा होती."

"वापस कसा आला?"

"त्याच्या बाइकवर. उसने छोड़ा."

"कुठी सोडलं?"

"गल्लीच्या तोंडाशी."

"किती वाजता?"

अंकुरनं उशी डोक्यावर ओढली.

"गाडीची चावी कोणाजवळ होती?"

"माझ्याच खिशात. घराच्या चावीसोबत एकाच छल्ल्यात आहे, मामा."

"शर्टाले रक्त कोणाचं?"

अंकुर उठून बसला. चोवीस वर्षांचा, सहा फुटी पोरगा, पण डोळ्यांत लहान पोराचं भय.

"मामा, मी नाही मारलं त्याला. कसम से."

"मारलं का, हे मी विचारलंच नाही. रक्त कोणाचं?"

"सुखरामचं." तो भडाभडा बोलू लागला. "साडेसात वाजले असतील. आरतीचा लाउडस्पीकर चालू होता, खांबावरचा लाइट बंद. नालीतून कण्हण्याचा आवाज आला. मी मोबाइलच्या उजेडात पाहिलं. खूप खून निकल रहा था. ऑटो थांबवला, घेऊन गेलो. तिथं काउंटरवर म्हणे नाव लिहा, कोणी ठोकलं सांगा, पुलिस येईल. मामा, माझं व्हेरिफिकेशन..."

"अन् तू पळाला."

"अभी आता हूं म्हटलं आणि निघालो."

"आपली गाडी फुटलेली नाही दिसली?"

"अंधारात गाडीकडे लक्षच नव्हतं. सकाळी आईनं सांगितलं, तेव्हा समजलं. अब सब यही बोलेंगे ना, की मीच ठोकलं आणि मीच नेलं?"

"आईले कावून नाही सांगितलं?"

"ती घाबरली असती."

मामांना हसावं की रडावं कळेना. एका भिंतीच्या अलीकडे आई मुलाला वाचवत होती आणि पलीकडे मुलगा आईला जपत होता. त्या दोघांच्या जपण्यात गळफास मात्र घट्ट होत चालला होता.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. राधाबाईंनी दारातूनच भावाला हाक मारली.

एसआय चंद्राकर मॅडम तिशीच्या होत्या. आवाज चढवण्याची त्यांना गरज पडत नसावी. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग नाली पाहिली, मग दारात उभ्या असलेल्या अंकुरला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ऑटोवाले ने यही गली बताई है. नीली शर्ट, लंबा लड़का. ये गाड़ी तुम्हारी?"

"जी."

"कल रात हॉस्पिटल तुम गए थे?"

राधाबाईंनी पुढे होऊन मुलाचा दंड पकडला. "मॅडम, माहा पोट्टा घरीच होता. सांजपासून घरीच."

"आई!" अंकुर म्हणाला. मग चंद्राकर मॅडमकडे वळून, "जी. मैं ही ले गया था."

राधाबाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. त्यांना वाटलं, पोरानं कबूल केलं. सगळं संपलं.

"बैठो जीप में," मॅडम म्हणाल्या.

"एक मिनिट, मॅडम." विष्णूमामा पुढे आले. "मी याचा मामा. रेल्वेत टीएक्सआर होतो. मला पंधरा मिनिटं द्या. पोरगा कुठं जात नाही. त्याच्याऐवजी मला बसवा जीपमध्ये."

"क्या करेंगे पंद्रह मिनट में?"

"एका गाडीची तपासणी. तुमच्यासमोर. मराठी समजते?"

"दुर्ग की हूं. समझती हूं, बोलिए."

मामा सरळ नरेशच्या फाटकाकडे चालू लागले. गल्लीतली दहा-बारा माणसं मागे निघाली. सिमेंटच्या अंगणात नरेशची पांढरी पिकअप उभी होती. काचेवरून बंपरपर्यंत लोंबणारा झेंडूचा ताजा टवटवीत हार, बंपरवर शेंदराचं मोठं स्वस्तिक आणि चारही चाकांपुढे, गाडी पुन्हा काढताना चिरडायची चार पिवळीधमक लिंबं.

"मामाजी, हे काय?" नरेश बाहेर आला. त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं होतं.

"काई नाही. सवय आहे, गाडी दिसली की पाहतो. कधीपासून उभी आहे ही?"

"काल चार वाजता पूजा झाली, तेव्हापासून. विश्वकर्माच्या दिवशी पूजेनंतर गाडी हलवत नाहीत, सबको पता है. पूरी गली ने देखी है."

"सांजेले पाहिली असन. अन् आज सकाळी पाहिली. साडेसातले सगळी गल्ली आरतीत होती. तू होता आरतीत?"

"घरी होतो. डोकं दुखत होतं."

"म्हणजे आरतीच्या वेळी गाडी कोणी नाही पाहिली."

"पाहायची काय गरज? हलवली असती तर लिंबं चिरडली नसती का? पाहा ना, चारही साबूत."

"हार ताजा दिसते."

"सकाळी नवा घातला."

"काल घातलेला कुठी आहे?"

"विसर्जित केला."

मामा खाली वाकले. त्यांनी पुढच्या उजव्या चाकावर तळहात ठेवला आणि सावकाश, यार्डात फिरवायचे तसा, पूर्ण फिरवला. मग हात आत घातला, जिथे नजर पोचत नव्हती. बोटं एका जागी थांबली. त्यांनी नखानं खाचेतून काहीतरी उकरलं आणि तळहातावर ठेवून मॅडमपुढे धरलं.

सालीचा चिरडलेला तुकडा आणि लिंबाची बी.

नंतर त्यांनी टेप काढून बंपरची वरची कड मोजली. मॅडमना आकडा वाचायला सांगितला.

"अट्ठाईस," त्या म्हणाल्या.

"आता आमच्या दारात चला. नरेश, तूबी चल."

राधाबाई पायरीवर बसल्या होत्या. अंकुर हवालदाराशेजारी उभा होता. विष्णूमामांनी आधी मॅडमना गाडीखाली वाकायला लावलं.

"हे स्वच्छ चौकोन पाहा. तीन दिवस चाकं इथं होती, म्हणून धूळ बसली नाही. आता चाकं एक वीत मागं आहेत. गाडी चालवून मागं घेतली असती, तर चाक फिरलं असतं अन् धुळीत टायरची नक्षी उठली असती. इथं नक्षी नाही. चाक घासत गेलं आहे, आडवं. म्हणजे गिअरमध्ये, हँडब्रेक लावून उभ्या गाडीला कोणीतरी समोरून ढकललं. ह्या गाडीनं कोणाला ठोकलं नाही. हिलाच ठोकलं गेलं, आणि तेही उभी असताना."

"हो सकता है. पर किसने?"

"यार्डात दोन डबे भिडतात ते एकाच उंचीवर. धक्का झेलणाऱ्या बफरची उंची जुळली नाही तर भिडणारच नाहीत. पोचा अठ्ठावीस इंचांवर आहे. ह्या गाडीचा बंपर वीसवर आहे आणि साबूत आहे. हिनं सुखरामला उडवलं असतं, तर आधी बंपर गेला असता."

"अठ्ठावीसवाल्या पिकअप भिलाईत हजार असतील!" नरेश ओरडला.

"असतील. पण त्यातली पूजेची किती? इथं काचेखाली झेंडूचा पुंजका आहे अन् हाराचा दोरा. आमच्या घरी गाडीची पूजा दसऱ्याला होते, काल नव्हती. हार ठोकणाऱ्या गाडीचा होता. तो इथं तुटला, म्हणून सकाळी नवा घालावा लागला."

मामा थांबले. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं.

"आणखी एक गोष्ट होती, मॅडम. पोच्यावर लाल डाग होता. माझ्या बहिणीनं तो पुसला. तिला वाटलं रक्त आहे. सकाळचा अंधुक उजेड, वरून काळी धूळ, आणि डोक्यात भलतंसलतं. कोणालाही वाटलं असतं. मी कपडा पाहिला. सोड्याच्या पाण्यात दीड तास राहिला, पण रंग सोडत नाही. पाण्यावर तुपाचा तवंग आहे आणि कपड्याला तुपाचा वास आहे. रक्ताला तुपाचा वास येत नाही. तुपात कालवलेला शेंदूर आहे तो. नरेशच्या बंपरवरचं स्वस्तिक इथं उमटलं होतं."

राधाबाईंनी मान वर केली. त्यांना आधी काही कळलंच नाही.

"शेंदूर?"

"शेंदूर, ताई. तू पुसलं ते पोराच्या विरुद्धचं नव्हतं. त्याच्या बाजूचं होतं."

राधाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"नरेशचं स्वस्तिक आज पुन्हा काढलेलं आहे," मामा पुढे म्हणाले. "शेंदूर खरवडला, तर खाली ओरखडा निघेल आणि ओरखड्यात आमचा राखाडी रंग निघेल. लिंबंही नवी आहेत. जुनी त्याच्या चाकात आहेत."

चंद्राकर मॅडमनी हवालदाराला नुसती खूण केली. तो पिकअपकडे निघाला, तसा नरेश मध्येच रस्त्यावर बसला.

"मी पाहिलंच नाही साहेब," तो म्हणाला. "पलीकडच्या गल्लीतून फोनवर फोन. चाळीस खुर्च्या कमी पडल्या. म्हटलं, सगळे आरतीत आहेत, पाच मिनिटांत टाकून येतो. काचेवर हार होता."

"हार बाजूला केला कावून नाही?" मामांनी विचारलं.

"पूजेचा हार दुसऱ्या दिवसापर्यंत काढत नाहीत ना! आधीच गाडी काढून राहिलो होतो, त्यात हार काढायचा तर हात धजेना. काचेच्या एका कोपऱ्यातून पाहून चालवत होतो. सुखराम दिसला तेव्हा उशीर झाला होता. मी स्टिअरिंग वळवलं तर काकूंची गाडी."

"उतरला होता?"

नरेशनं होकारार्थी मान हलवली.

"सुखराम जिवंत होता तेव्हा?"

"कण्हत होता. मले लय भेव लागलं."

विष्णूमामांचा संताप अनावर झाला. भय तर अंकुरलाही वाटलं होतं, पण त्यानं आधी म्हाताऱ्याला उचललं आणि मग तो पळाला. नरेशनं परत येऊन आधी लिंबं मांडली होती.

"अन् सकाळी प्रसाद घेऊन आला," मामा म्हणाले. "डेंट काढून देतो म्हणून. डेंट निघाला असता, की शेंदूर, रंग, उंची, सगळं गेलं असतं. राहिला असता फक्त निळा शर्ट."

जीपमध्ये अंकुरसाठी धरलेल्या जागेवर नरेश बसला. निघताना चंद्राकर मॅडम अंकुरजवळ आल्या.

"डॉक्टर बोल रहे थे, आधा घंटा और पड़े रहते तो नहीं बचते. सुबह होश आया है. तुम्हारा बयान चाहिए, गवाह का. जो लेकर जाता है उस पर केस नहीं बनता. पर भागना मत अब."

"व्हेरिफिकेशन, मॅडम?"

"मेरे ही टेबल पर है," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

गर्दी पांगली. मामा गाडीभोवती दोरी बांधत होते, हात लावू नका असं दोनदा सांगून झालं होतं. राधाबाई पायरीवरून उठल्या नव्हत्या. अंकुर त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आई, तुले वाटलं मीच केलं?"

तो एरवी आईशी अर्धं हिंदी बोलायचा. आज एकही शब्द हिंदीत गेला नाही.

राधाबाईंना खोटं बोलता आलं असतं. सकाळपासून त्या तेच करत होत्या.

"वाटलं," त्या म्हणाल्या.

"मले विचारलं बी नाही."

"विचारायचं भेव वाटलं. तू हो म्हटलं असतं तर?"

अंकुरनं जमिनीकडे पाहत विचारलं,

"अन् खरंच मी केलं असतं तर?"

"तर बी पुसलं असतं," राधाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अजिबात कापत नव्हता. "पुसलं असतं, अन् मंग जिंदगीभर तुह्यासंग बोलली नसती."

मामांचे हात दोरीच्या गाठीवर थांबले. अंकुर खाली बसला, आईच्या पायरीच्या एक पायरी खाली, आणि काल संध्याकाळपासून दाबून धरलेलं रडू त्याला आवरेना. राधाबाईंनी त्याला जवळ घेतलं नाही की उगी उगी म्हटलं नाही. त्या त्याच्या शेजारी सरकून बसल्या आणि त्याचं रडणं संपायची वाट पाहत राहिल्या.

मग त्या म्हणाल्या, "तोंड धू. सुखरामले पाहाले जाऊ. अन् तिथं काउंटरवर आपलं नाव लिहून ये."